लक्षणे नाहीत म्हणून जंताची गोळी नाकारू नका

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

वर्षातून दोनदा, साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, राष्ट्रीय जंतनाशक दिनानिमित्त शाळांतून आणि अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ही मोहीम २०१५ पासून चालू आहे. तिची सूचना आली की आमच्या ठाण्यातील गृहसंकुलांत आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘आमच्या मुलाला काहीच त्रास नाही, मग गोळी कशाला?’ आणि दुसरे, ‘त्याची प्रतिकारशक्ती उत्तम आहे, जंत असलेच तर शरीर स्वतःच त्यांना बाहेर काढील.’ मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले असून परजीवी प्राणी हा माझ्या विशेष अभ्यासाचा विषय होता. ही दोन्ही वाक्ये सुशिक्षित, मुलांची मनापासून काळजी घेणाऱ्या पालकांच्या तोंडी ऐकल्यावर गप्प राहणे मला योग्य वाटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व. परंतु आतड्यात राहणारा कृमी माणसाच्या प्रतिकारयंत्रणेला कसा गुंगारा देतो हे नीट समजल्याशिवाय या गोळीचे महत्त्व पटणार नाही, असे माझे ठाम मत आहे. त्रास न जाणवणे हा जंत नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही, कारण यजमानाची प्रतिकारयंत्रणा शांत ठेवणे यावरच जंतांचे सारे जगणे अवलंबून असते.

विषाणू किंवा जिवाणू शरीरात शिरला तर पांढऱ्या पेशी त्याला गिळून टाकतात, किंवा तो ज्या पेशीत लपला असेल ती पेशीच नष्ट करतात. जंतांच्या बाबतीत असे करता येत नाही. पूर्ण वाढलेला गोल जंत २० ते ३५ सेंटीमीटर लांब असतो आणि एवढ्या मोठ्या प्राण्याला शरीरातील कोणतीही पेशी गिळू शकत नाही. म्हणून आपल्या शरीरात कृमींसाठी एक वेगळीच यंत्रणा उत्क्रांत झाली आहे. आतड्याच्या अस्तरात तुरळक विखुरलेल्या ‘टफ्ट’ पेशी कृमींची चाहूल घेतात. या पेशी शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली कित्येक दशके दिसत होत्या, पण त्यांचे हे काम २०१६ मध्ये तीन निरनिराळ्या संशोधन गटांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. चाहूल लागताच या पेशी इंटरल्युकिन-२५ नावाचे रसायन सोडतात, त्यातून पुढे इंटरल्युकिन-१३ तयार होते, आतड्यात चिकट श्लेष्म अधिक पाझरू लागतो, स्नायूंचे आकुंचन वाढते, आणि कृमी जागेवरून सुटून बाहेर पडावा असा प्रयत्न सुरू होतो. त्याच्या जोडीला आयजीई ही प्रतिपिंडे, मास्ट पेशी आणि इओसिनोफिल पेशी असतात. रक्ततपासणीच्या अहवालात इओसिनोफिलचा आकडा वाढलेला दिसला की अनुभवी डॉक्टर दम्याबरोबर जंतांचाही विचार करतात, तो यामुळेच.

ही यंत्रणा दुबळी मुळीच नाही. प्रयोगशाळेतील उंदीर आतड्यातील काही जातींचे कृमी दोन आठवड्यांच्या आत बाहेर टाकतो. मग माणसाच्या पोटातील गोल जंत एक ते दोन वर्षे, अंकुशकृमी अनेकदा त्याहूनही अधिक काळ, आणि हत्तीरोगाचा कृमी लसिकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षे जिवंत कसा राहतो? तो राहतो, कारण वर वर्णन केलेल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कृमींकडे एखादे निष्प्रभ करणारे रसायन तयार असते.

उंदराच्या आतड्यात दीर्घकाळ राहणाऱ्या हेलिग्मोसोमॉइडिस या कृमीचा अभ्यास या बाबतीत सर्वांत खोलवर झालेला आहे. आतड्याच्या पेशीला इजा झाली की तिच्यातून इंटरल्युकिन-३३ बाहेर पडते आणि धोक्याची सूचना सगळीकडे पोहोचते. हा कृमी असे एक प्रथिन स्रवतो की जे मेलेल्या पेशीतील डीएनएला आणि इंटरल्युकिन-३३ ला एकाच वेळी धरून ठेवते. परिणामी सूचना जिथल्या तिथे अडकते आणि पुढची फळी उभीच राहत नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी हे २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी या कृमीच्या आणखी एका प्रथिनाची माहिती पुढे आली. आपल्या शरीरात प्रतिकाराला आवर घालण्यासाठी टीजीएफ-बीटा नावाचा रेणू असतो. कृमीच्या या प्रथिनाची घडण त्या रेणूसारखी मुळीच नाही. तरीही ते पेशीवरील त्याच ग्राहीवर, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या जागेवर, जाऊन बसते आणि तेच काम करून घेते, म्हणजे टी-नियामक पेशींची संख्या वाढवते. शरीराने स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करू नये यासाठी या टी-नियामक पेशी असतात, आणि त्यांच्या शोधाबद्दल मेरी ब्रुन्को, फ्रेड राम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या यंत्रणेमुळे आपण आपल्याच प्रतिकारशक्तीपासून सुरक्षित राहतो, तिच्याच आश्रयाला कृमी जाऊन बसतो. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगून विकले जाणारे काढे, चूर्णे आणि पेये जंतांच्या बाबतीत कामाची नाहीत. इथे शक्ती कमी पडलेली नसते. ती वापरली जाऊ नये अशी व्यवस्था झालेली असते.

माणसातील अंकुशकृमीचे उदाहरण घ्या. त्याची अळी ओलसर, विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, घशापर्यंत चढते आणि गिळली जाऊन लहान आतड्यात पोहोचते. सुमारे एक सेंटीमीटर लांबीचा प्रौढ कृमी तिथे आतड्याचे अस्तर तोंडात धरून रक्त पितो. रक्त गोठू नये म्हणून त्याच्या लाळेत गोठणरोधक द्रव्ये असतात. इओसिनोफिल पेशींना बोलावणारे इओटॅक्सिन नावाचे रसायन तो आपल्या विकराने (एन्झाइमने) तोडून टाकतो, त्यामुळे त्या पेशींना बोलावणेच पोहोचत नाही. एक कृमी दिवसाला जातीप्रमाणे ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घेतो. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु कृमी डझनांनी असले आणि आहारात लोह बेताचेच असले, की वर्षभरात मुलगी फिकट पडते, जिना चढताना दमते, वर्गात तिचे लक्ष लागत नाही. आणि घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण असेल. पोटात दुखणे, ताप, उलटी यांपैकी काहीच झालेले नसते, म्हणून जंतांचा विचार कोणाच्या मनातही येत नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांचे मूळ कोकणात आहे, म्हणून पुढचे उदाहरण मुद्दाम देत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी शिस्टोसोमा या रक्तकृमीचे रुग्ण नोंदवले. हा रोग प्रामुख्याने आफ्रिकेचा मानला जात असल्यामुळे, भारतात त्याचे स्थानिक केंद्र सापडणे ही त्या वेळी जगाच्या दृष्टीने मोठी बातमी होती. हा कृमी आतड्यात राहत नाही, चक्क रक्तवाहिनीत राहतो, म्हणजे प्रतिपिंडे आणि पांढऱ्या पेशी ज्या प्रवाहातून अखंड वाहत असतात त्याच प्रवाहात, आणि तरीही तो वर्षानुवर्षे जगतो. हे कसे, याचा उलगडा स्मिदर्स, टेरी आणि हॉकले यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून झाला. त्यांनी उंदरात वाढलेले कृमी माकडाच्या शरीरात सोडले तेव्हा ते जगले. पण ज्या माकडांना उंदराच्या रक्तपेशी टोचून आधीच उंदराविरुद्ध सज्ज केले होते, त्यांच्या शरीरात हेच कृमी थोड्याच अवधीत मरून गेले. याचा अर्थ असा की कृमीने आपल्या अंगावर उंदराचे रेणू पांघरले होते आणि माकडाच्या प्रतिपिंडांनी ते ओळखले. माणसाच्या शरीरातही हा कृमी त्या माणसाच्या रक्तगटाचे रेणू स्वतःच्या आवरणावर चढवतो, आणि शरीराला तो परका वाटेनासा होतो. याहून विलक्षण बाब म्हणजे, जुने प्रौढ कृमी सुखाने राहत असताना नव्याने शिरणाऱ्या अळ्यांना मात्र तेच शरीर बऱ्याच अंशी रोखते. म्हणजे शरीर शत्रूला ओळखायला शिकलेले असते. आत आधीपासून बसलेल्याला ते ओळखू शकत नाही.

ठाण्याच्या उद्यानांत आणि नवी मुंबईच्या सेक्टरांत भटक्या कुत्र्यांवरून जे वाद होतात त्यांत मी इथे शिरत नाही, पण कुत्र्यांच्या टॉक्सोकारा या जंताचा उल्लेख टाळता येत नाही. पिल्लांच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत मिसळतात आणि मातीत खेळणाऱ्या लहान मुलांच्या पोटात जातात. माणसात हा जंत प्रौढ होत नाही. त्याची अळी यकृत, फुप्फुस, क्वचित डोळा अशा अवयवांतून भटकत राहते आणि डोळ्यात पोहोचली तर दृष्टीला धोका होतो. या अळीच्या अंगावर एक सैल आवरण असते. प्रतिपिंडे आणि इओसिनोफिल त्या आवरणाला चिकटले की पाल शेपूट टाकून निसटते तशी ही अळी आवरण टाकून पुढे सरकते, आणि पेशी रिकाम्या आवरणाशीच झुंजत राहतात. कुत्रा पाळणाऱ्यांनी पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला ठरलेल्या वेळी जंतनाशक देणे ही शेजारच्या मुलांचीही काळजी घेणे आहे. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाच्या वेळीच त्यांना जंतनाशक देणे सहज शक्य आहे, आणि महापालिकांनी ते नेमाने करावे अशी माझी विनंती आहे.

हत्तीरोगाविषयी आपल्याकडे असा समज आहे की पाय सुजलेला माणूस म्हणजे रोगी आणि बाकीचे निरोगी. प्रत्यक्षात ज्यांच्या रक्तात या कृमीच्या सूक्ष्म अळ्या मोठ्या संख्येने फिरत असतात, त्यांतील बहुतेकांना बाहेरून काहीही झालेले दिसत नाही. त्यांच्या शरीरात आयजीजी-४ या प्रकारची प्रतिपिंडे खूप वाढलेली असतात. आयजीई प्रतिपिंडे ज्या जागी चिकटायची तिथे ही आधीच जाऊन बसतात, परंतु त्यांच्यामुळे दाह मात्र होत नाही. क्युलेक्स डास अशाच व्यक्तीला चावतो आणि रोग पुढे नेतो. या अळ्या रात्रीच रक्तात मोठ्या संख्येने उतरतात, म्हणून तपासणीसाठी रक्त रात्री घ्यावे लागते आणि आरोग्य कर्मचारी रात्री दहाच्या पुढे दारात येतात. सांडपाण्याच्या उघड्या नाल्यांवर वाढणारा हा डास आपल्याकडे किती आहे हे कळवा, दिघा, तुर्भे येथील रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. असे कर्मचारी दारात आले तर ‘आमच्याकडे कोणाचे पाय सुजलेले नाहीत’ असे म्हणून त्यांना परत पाठवू नये.

उलट, काही थोड्या माणसांची प्रतिकारयंत्रणा या अळ्यांना फसत नाही. ती त्यांना रक्तातून पूर्णपणे काढून टाकते आणि फुप्फुसात त्यांच्यावर तुटून पडते. त्याचा परिणाम म्हणजे रात्रीचा खोकला, दम लागणे आणि इओसिनोफिल हजारोंच्या संख्येत. हे दुखणे भारतातच १९४० च्या दशकात डॉक्टरांच्या नजरेस ठळकपणे आले आणि आजही कित्येकदा त्यावर केवळ दमा समजून उपचार होतात. म्हणजे जोरदार प्रतिकार हाही नेहमी हिताचाच असतो असे नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

सर्वांत गंभीर उदाहरण मेंदूतील पट्टकृमीच्या गाठींचे आहे. ‘आम्ही शाकाहारी आहोत, आम्हाला कसला पट्टकृमी?’ असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. डुकराचे कच्चे राहिलेले मांस खाल्ल्याने आतड्यात प्रौढ पट्टकृमी होतो हे खरे. मेंदूतील गाठी मात्र त्या मांसामुळे होत नाहीत. ज्याच्या आतड्यात असा प्रौढ कृमी आहे त्याच्या विष्ठेतील अंडी अस्वच्छ हात, पाणी किंवा न धुतलेली पालेभाजी यांतून दुसऱ्याच्या पोटात गेली की त्या गाठी होतात, आणि त्यात शाकाहारी-मांसाहारी असा भेद राहत नाही. लोहमार्गाच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकणारा पालक आणि मेथी आपण सर्वांनी गाडीच्या खिडकीतून पाहिली आहे. मेंदूत पोहोचलेली अळी एक लहानशी पाणीदार पिशवी करून राहते. ती असे पदार्थ स्रवते की ज्यांमुळे रक्तातील पूरक प्रथिनांची, म्हणजे परक्यांवर हल्ला करणाऱ्या प्रथिनांची, साखळी अडते आणि आसपासच्या पेशी शांत राहतात. त्यामुळे कित्येक वर्षे माणसाला काहीच होत नाही. मग केव्हातरी ती पिशवी म्हातारी होते, तिचे आवरण फुटू लागते, इतकी वर्षे लपलेले प्रथिन बाहेर येते, आणि ज्या प्रतिकाराला तिने रोखून धरले होते तो एकाएकी उसळतो. मेंदूला सूज येते आणि धडधाकट माणसाला अचानक आकडी येते. अनेक प्रदेशांत, जिथे हा रोग मूळ धरून आहे, अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हे कारण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच या रोगात कृमिनाशक औषधासोबत सूज आवरण्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागते आणि उपचार मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावे लागतात. आकडी आलेल्या मुलाला कांदा हुंगवत बसू नये आणि बाहेरची बाधा समजून कोणाकडे नेऊ नये. त्याच्या मेंदूचे सीटी किंवा एमआरआय स्कॅन करून घ्यावे.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे, तर स्ट्राँगिलॉइडिस या जंताविषयीही सांगणे आवश्यक आहे. हा जंत शरीराबाहेर न जाता यजमानाच्या आतच पुन्हा पुन्हा संसर्ग करू शकतो, म्हणून तो दशकानुदशके टिकतो. दुसऱ्या महायुद्धात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवल्या गेलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांत तो तीस-चाळीस वर्षांनंतरही जिवंत सापडला. ते मायदेशी परतून संसाराला लागले होते आणि मधल्या काळात फारशी लक्षणेही नव्हती. अशा माणसाला दुसऱ्या कोणत्या आजारासाठी स्टेरॉइड दिले गेले, तर इतकी वर्षे राखलेला समतोल मोडतो, अळ्या भराभर वाढून फुप्फुसांसह सर्व अवयवांत पसरतात आणि जीव धोक्यात येतो. कोविडच्या साथीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा वापर वाढल्यावर अनेक देशांतील डॉक्टरांना या धोक्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. या जंतावर मोहिमेतील अल्बेंडाझोलची एक गोळी पुरत नाही, आयव्हरमेक्टिन लागते, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडच्या गोळ्या घेण्याची सवय आपल्या शहरांत बोकाळली आहे, म्हणून हे इतक्या तपशिलाने लिहिले.

यातून पालकांच्या आणखी एका प्रश्नाचे उत्तर निघते. ‘गेल्या वर्षी दिली होती, मग पुन्हा का?’ गोवर एकदा होऊन गेला की जन्मभर पुन्हा होत नाही, कारण शरीर तो लक्षात ठेवते. आतड्यातील जंतांच्या बाबतीत असा भक्कम, कायमचा बचाव माणसात उभा राहत नाही. जंत गोळीने मरतो, पण मातीतली अंडी मरत नाहीत. गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते आणि योग्य ओलावा मिळाला तर ती अंडी मातीत अनेक वर्षे तग धरतात. म्हणजे बरे झालेले मूल पुढच्याच महिन्यात पुन्हा बाधित होऊ शकते. जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना मातीतून पसरणाऱ्या जंतांची बाधा आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि या दीडशे कोटींची प्रतिकारशक्ती जन्मतःच कमकुवत आहे असे म्हणणे हास्यास्पद ठरेल.

लस काढावी, तर तेही सोपे नाही. माणसासाठी कोणत्याही जंतावर आज वापरात असलेली लस नाही. अंकुशकृमीच्या एका प्रथिनापासून केलेली लस ब्राझीलमध्ये अशा लोकांना देऊन पाहिली की ज्यांना पूर्वी हा जंत होऊन गेला होता. त्यांच्यापैकी काहींच्या अंगावर लगेच पित्ताच्या गांधी उठल्या, कारण त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई त्यांच्या शरीरात आधीपासूनच होते, आणि तो प्रयत्न थांबवावा लागला. डुकरांना पट्टकृमीपासून वाचवणारी लस मात्र तयार झाली आहे आणि तिचे उत्पादन भारतात होते.

औषधांबाबत एक गोष्ट मला नेहमी विशेष वाटत आली आहे. हत्तीरोगावरील डीईसी हे औषध १९४७ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाले, आणि तिथल्या संशोधनाची धुरा आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. हे औषध काचेच्या नळीत अळ्यांवर टाकले तर त्यांना फारसे काही होत नाही. शरीरात मात्र त्या झपाट्याने नाहीशा होतात, कारण तिथे त्यांना मारण्यात शरीराच्या स्वतःच्या पेशींचा मोठा वाटा असतो. रक्तकृमीवरील प्राझिक्वांटेलही असेच कृमीचे आवरण फाडते, लपलेली प्रथिने उघडी पाडते आणि उरलेले काम बऱ्याच अंशी प्रतिपिंडांवर सोपवते. ‘औषधाने प्रतिकारशक्ती मंदावते’ असे मानणाऱ्यांनी या दोन औषधांचा जरूर विचार करावा.

आणखी एक युक्तिवाद अलीकडे इंटरनेटवरून आपल्याकडे आला आहे, तो असा की जंत पोटात असणे चांगलेच, त्याने ॲलर्जी आणि स्वप्रतिकार रोग (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते ते) टळतात. यात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. अर्जेंटिनात मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या अशाच रोगाच्या ज्या मोजक्या रुग्णांना जंतांची बाधा होती त्यांचा आजार तुलनेने सौम्य राहिला, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. डुकराच्या चाबूककृमीची अंडी पाजून आतड्याच्या क्रोन्स आजारावर उपचार करण्याच्या सुरुवातीच्या लहान प्रयोगांनीही आशा दाखवली होती. पण पुढील मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही. आज संशोधक जिवंत जंताऐवजी त्याच्या एकेका प्रथिनापासून औषध करता येईल का ते पाहत आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु वाढीच्या वयातील मुलाच्या रक्तातील लोह, त्याची उंची आणि त्याचा अभ्यास ही किंमत मोजून ॲलर्जी टाळण्याचा सल्ला कोणताही जबाबदार डॉक्टर देणार नाही. शिवाय शांत झालेली प्रतिकारयंत्रणा केवळ जंतांपुरती शांत राहील याची शाश्वती नसते. इक्वेडोरमध्ये गोल जंत असलेल्या मुलांना आधी अल्बेंडाझोल देऊन मग तोंडाने घ्यायची कॉलऱ्याची लस दिली, तेव्हा लसीला मिळालेला प्रतिसाद सुधारला होता. सर्व लसींच्या आणि सर्व अभ्यासांच्या बाबतीत असा परिणाम दिसलेला नाही हे मी मुद्दाम नमूद करते, तथापि शक्यता दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते लिहिते. गोळी चावून खायची असते. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चूर्ण करून पाण्यातून देतात. मूल त्या दिवशी आजारी असेल तर थांबावे आणि पुढच्या मॉप-अप दिवशी, म्हणजे राहून गेलेल्या मुलांसाठी ठेवलेल्या दिवशी, द्यावी. गोळीनंतर काही मुलांना मळमळते किंवा पोटात दुखते. ज्यांच्या पोटात जंत अधिक असतात त्यांनाच हे जास्त होते आणि बहुधा काही तासांत थांबते. त्याची छायाचित्रे काढून ‘विषबाधा’ म्हणून पसरवणाऱ्यांनी आपण किती मुलांना गोळीपासून दूर ठेवतो याचा विचार करावा. चाबूककृमीवर ही एक गोळी कमी परिणाम करते, म्हणून तक्रारी चालू राहिल्या तर मल तपासून घ्यावा.

गृहसंकुलांच्या पदाधिकाऱ्यांकडे माझी एक वेगळी मागणी आहे. घोडबंदर रस्त्यावर असोत की खारघर-उलवे भागात, नव्या इमारतींच्या कामावर असलेल्या मजुरांची लहान मुले अनेकदा ना शाळेच्या पटावर असतात ना अंगणवाडीच्या, आणि त्यांच्यासाठी पुरेशी शौचालयेही नसतात. ही मुले अनवाणी जिथे वावरतात ती माती आणि आपल्या मुलांच्या खेळाच्या मैदानाची माती यांत भिंत असली तरी पावसाळ्यात पाणी दोन्हीकडून वाहते. बांधकाम व्यावसायिकाला कामाच्या जागी शौचालय बांधायला भाग पाडणे आणि जंतनाशक दिनी आशाताईंना तिथपर्यंत घेऊन जाणे हे संकुलाच्या समितीला सहज जमण्यासारखे आहे. येऊरच्या पाड्यांवरही मुलांच्या पायात चपला असाव्यात यासाठी शाळा आणि सामाजिक संस्थांनी वर्षभर प्रयत्न करावेत.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की पुढील जंतनाशक दिनाची ठाणे व नवी मुंबई महापालिका क्षेत्रांतील तारीख, मॉप-अप दिवसाची तारीख आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांना गोळी कुठे मिळेल त्या केंद्रांची यादी आठवडाभर आधी पहिल्या पानावर छापावी. राज्यात ही तारीख कधी कधी पुढे-मागे होते आणि पालकांना ती शाळेच्या वहीतील चिठ्ठीवरून आदल्या दिवशी कळते. तोवर गटांवर नकाराचे संदेश फिरून झालेले असतात.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापिका,
ठाणे पश्चिम